कळलं, पण आवडलं नाही

१९९४ सालचा पावसाळा. पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात एका रात्री आम्ही सात जण एका खोलीत जमिनीवर आडवे पडलो होतो. दिवा घालवलेला, खिडकीला चादर लावलेली. मधोमध टेपरेकॉर्डर आणि त्यात पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'ची कॅसेट. मूळ कॅसेट नव्हे, कुणाच्या तरी मावसभावानं कोऱ्या कॅसेटवर भरून दिलेली. बोलायचं नाही, हलायचं नाही, सिगारेट ओढायचीच तर खिडकीकडे तोंड करून, अशा अटी. आधी हृदयाचे ठोके आले. मग एकाच वेळी असंख्य घड्याळांचा गजर. एक बाजू संपली तेव्हा कुणीतरी अंधारात चाचपडत कॅसेट उलटली आणि नाण्यांचा खळखळाट सुरू झाला. त्रेचाळीस मिनिटांनी पुन्हा हृदयाचे ठोके आले आणि विरून गेले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग कोपऱ्यातून प्रश्न आला, "कसं वाटलं रे?"

प्रश्न मला होता. बाकीच्या सहा जणांनी ही कॅसेट आधी ऐकलेली होती, मी नवखा होतो. मी खरं ते सांगितलं, "चांगलं आहे. पण मला भूक लागलीये."

कुणीतरी दिवा लावला. सहा चेहरे माझ्याकडे असे बघत होते, की जणू मी गाभाऱ्यात चपला घालून शिरलोय. त्यातल्या सगळ्यात समजूतदार मित्रानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तुला फ्लॉइड कळला नाही. हरकत नाही. कळेल."

हे 'कळेल' मला पुढं वीस-पंचवीस वर्षं पुरलं.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी गाण्याबद्दल दोनच निकाल असत, रंगलं किंवा रंगलं नाही. वडील भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. एकादशीला पहाटे घरी परतले की आई विचारायची आणि ते त्या दोनांपैकी एक उत्तर देऊन झोपायचे. 'कळलं नाही' हा निकाल गणिताच्या पेपराला लागायचा, गाण्याला नाही. वसतिगृहात मला पहिल्यांदा समजलं, की गाण्यातही नापास होता येतं.

आणि नापास झालेला पोरगा जे करतो तेच मी केलं. कॉपी केली. महिन्याभरात डेक्कनवरच्या हाँगकाँग लेनमधून काळा टी-शर्ट आणला, छातीवर 'डार्क साइड'च्या वेष्टनावरचा तो प्रसिद्ध लोलक आणि त्यातून फुटणारे रंग. 'फ्लॉइड म्हणजे शेवटचा शब्द', 'झेपलिनच्या बॉनमसारखा ड्रमर होणे नाही' अशी वाक्यं पाठ केली. टी-शर्ट धुऊन धुऊन राखाडी झाला तरी घालत राहिलो. मराठी माध्यमातून आलेल्या पोराला त्या शर्टानं जे दिलं, ते इंग्रजी बोलण्याच्या क्लासनं दिलं नव्हतं. कँटीनमध्ये लोक सरकून बसायला जागा देऊ लागले.

* * *

ज्या बँडांना आपण 'क्लासिक रॉक' म्हणतो ते गात-वाजवत होते तेव्हा त्यांना कुणी क्लासिक म्हणत नव्हतं. बीटल्स, रोलिंग स्टोन्स, लेड झेपलिन, पिंक फ्लॉइड, ईगल्स, क्वीन, डीप पर्पल यांना एका फळीवर बसवलं ते रेडिओवाल्यांनी.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या एफएम स्टेशनांच्या लक्षात एक गोष्ट आली. साठ-सत्तरच्या दशकांत कॉलेजात असलेली पिढी आता तिशी-चाळिशीला पोचली होती. तिच्या हातात पैसा होता, तिला मोटारी आणि बिअर विकायची होती. पण तिला नवी गाणी नको होती. फ्रेड जेकब्स या रेडिओ सल्लागारानं दशकाच्या मध्यावर यातून एक साचा तयार केला. नवं काहीही लावायचं नाही, श्रोत्याला आधीच ओळखीचं असेल तेवढंच लावायचं. साचा चालला, आणि देशभर 'क्लासिक रॉक' स्टेशनं उगवली.

ओळखीचं काय ते ठरवायची पद्धत मोठी मजेशीर आहे. एखाद्या हॉटेलच्या सभागृहात निवडक श्रोत्यांना बसवतात. काहीशे गाण्यांचे सात ते दहा सेकंदांचे तुकडे एकामागून एक वाजवतात. आख्खं गाणं नाही, फक्त चटकन ओळखू येणारा भाग. श्रोता कागदावर गुण देतो, ओळखीचं आहे का, आवडतं का, कंटाळा आलाय का. या कंटाळ्याला रेडिओच्या धंद्यात 'बर्न' म्हणतात. ज्याची ओळख जास्त आणि बर्न कमी, ते गाणं यादीत राहतं. १९९६च्या दूरसंचार कायद्यानं अमेरिकेत एका मालकाकडे किती स्टेशनं असावीत यावरची देशपातळीवरची मर्यादा उठली, आणि काही वर्षांत एकाच कंपनीच्या हाती हजाराहून जास्त स्टेशनं गेली. मग या गावची यादी आणि त्या गावची यादी यांत फरक उरला नाही.

याचा अर्थ ती गाणी वाईट असा नव्हे. दहा सेकंदांत ओळख पटवून देणं हे सोपं काम नाही. पण आमच्या वसतिगृहात जी यादी वेदांसारखी अपौरुषेय मानली जात होती, तिच्यावर अशा सभागृहांतल्या कागदांवरचे गुणही चढलेले होते. यादीतून कोण गळलं तेही पाहण्यासारखं आहे. ज्या ब्लूजच्या पायावर हे सगळं संगीत उभं राहिलं, ते वाजवणारे काळे कलावंत या स्टेशनांवर जवळजवळ नव्हतेच. जिमी हेन्ड्रिक्स तेवढा अपवाद.

* * *

क्लासिक रॉकवाल्यांना नाकं मुरडणारा मी पहिला नव्हे. लेड झेपलिनचा पहिला अल्बम १९६९ साली आला तेव्हा 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या समीक्षकानं तो झोडपला होता. पुढच्याच वर्षी ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमची त्याच मासिकात लेस्टर बँग्जनं खिल्ली उडवली. १९७९मध्ये डेव्ह मार्शनं क्वीनला चक्क फॅसिस्ट म्हटलं. कोएन बंधूंच्या 'द बिग लेबोव्स्की' या १९९८च्या चित्रपटातला नायक ईगल्स आवडत नाहीत असं टॅक्सीत बोलतो आणि टॅक्सीवाला त्याला रस्त्यावर उतरवतो. त्या टॅक्सीवाल्याची बाजू संख्येनं भक्कम आहे. ईगल्सचा १९७६चा निवडक गाण्यांचा अल्बम अमेरिकेच्या ध्वनिमुद्रिका संघटनेनं २०१८ साली ३८ वेळा प्लॅटिनम ठरवला, आणि तिथल्या यादीत तो मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्याही वर गेला.

या नावडीच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला कपडा म्हणजेही टी-शर्टच. १९७५ साली लंडनच्या किंग्ज रोडवर जॉन लायडन नावाचा एक किडकिडीत पोरगा पिंक फ्लॉइडचा शर्ट घालून हिंडत असे. छापलेल्या नावाच्या वर त्यानं पेनानं लिहिलं होतं, 'मला तिटकारा आहे'. त्या शर्टामुळेच तो व्यवस्थापक माल्कम मॅकलॅरनच्या मंडळींच्या नजरेत भरला आणि जॉनी रॉटन या नावानं सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा गायक झाला. पुढं म्हातारपणी त्यानं कबूल केलं, की फ्लॉइडचं संगीत त्याला आवडायचं. हे वाचलं तेव्हा मी एकटाच मोठ्यानं हसलो. त्यानं आवडत असताना नावडीचा शर्ट घातला, मी आवडत नसताना आवडीचा. दोन्ही शर्ट खोटे. पण त्याला बँड मिळाला, मला कँटीनमध्ये जागा.

नावड मात्र नेहमीच इतकी गमतीची नसते. १२ जुलै १९७९ला शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधे एक कार्यक्रम ठेवला होता. डिस्कोची रेकॉर्ड घेऊन या आणि ९८ सेंटमध्ये आत शिरा. स्टीव्ह डाल नावाचा रॉक स्टेशनचा निवेदक त्या रेकॉर्डींचा ढीग मैदानाच्या मधोमध स्फोटानं उडवणार होता. सुमारे पन्नास हजार लोक आले. स्फोट झाला, मैदानात खड्डा पडला, हजारो माणसं आत घुसली आणि यजमान संघाला दुसरा सामना न खेळताच सोडून द्यावा लागला. त्या दिवशी तिथं काम करणारा विन्स लॉरेन्स हा काळा तरुण पुढं संगीतकार झाला. त्यानं नंतर सांगितलं, की लोकांनी आणलेल्या ढिगात डिस्कोशी काही संबंध नसलेल्या, नुसत्याच काळ्या गायकांच्या रेकॉर्डीही होत्या. डिस्को हे काळ्यांचं, लॅटिनोंचं, समलिंगींचं संगीत होतं. 'आम्हाला आवडत नाही'च्या मागं 'तुम्ही आवडत नाही' दडलं होतं. पुढं त्याच शिकागोत हाउस संगीत जन्माला आलं आणि लॉरेन्स त्याच्या पहिल्या फळीत होता.

त्यामुळे नावडीची फुशारकी मारणाऱ्यांपासून मी चार हात दूर राहतो.

* * *

आपल्याकडे ही मंडळी आवडून घेण्याची कारणं वेगळी होती. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्दिए यानं साठच्या दशकात फ्रान्समधल्या शेकडो लोकांना त्यांची आवडती गाणी, चित्रं, खाणं याबद्दल विचारलं आणि १९७९च्या ग्रंथात निष्कर्ष मांडला. बाखची वाद्यरचना आवडणारे कोण आणि 'ब्लू डॅन्यूब' आवडणारे कोण, हे त्यांच्या शिक्षणावरून आणि घराण्यावरून बऱ्यापैकी सांगता येत होतं. आवड ही आपली आपण निवडल्यासारखी वाटते, पण तिच्यात आपण कुणाच्या पंगतीला बसतो, कुणाच्या नाही, हेही असतं. पंगतीच्या देशातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आमच्या पंगतीचं पान इंग्रजीतून वाढलं जायचं. ज्यांच्या घरी काळा घोड्याच्या रिदम हाउसमधून कॅसेटी येत, ज्यांचा भाऊ धोबी तलावाच्या रंगभवनात रॉकचे कार्यक्रम ऐकून आलेला असे, त्यांचा शब्द प्रमाण. आम्ही सांगली आकाशवाणीवर वाढलेले. त्यातून देशाभिमानाची जोडही दिली जायची. "अरे, क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीचा!" हे खरंच आहे. झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथल्या मुलांच्या 'द हेक्टिक्स' या बँडमध्ये पियानो वाजवायचा. "झेपलिननं काश्मीरवर गाणं केलंय!" हे मात्र नावापुरतंच. त्या गाण्याचे शब्द झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लांट याला सुचले ते मोरोक्कोच्या दक्षिणेत, वाळवंटातल्या न संपणाऱ्या रस्त्यानं मोटारीतून जाताना. काश्मीर त्यानं तोवर पाहिलंही नव्हतं. खरा धागा आहे तो मुंबईचा. १९७२ साली प्लांट आणि गिटारवादक जिमी पेज मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी नव्यानं ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडलं. मी ती ऐकली. तबला आणि व्हायोलिनं माझ्या ओळखीची, गाणं पाहुणं. पाहुणा नीट बसला नाही असं मला वाटलं. पण सांगली आकाशवाणीवर वाढलेला माणूस असं म्हणणार यात नवल नाही.

जे सगळ्यांना आवडतं ते आवडायलाच हवं, यावर माझा विश्वास डळमळला तो एका प्रयोगाबद्दल वाचून. सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी २००६ साली तो प्रसिद्ध केला. चौदा हजारांवर लोकांना अनोळखी बँडांची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांचे आठ स्वतंत्र गट केले आणि त्यांना आपल्या गटातल्या इतरांनी कोणतं गाणं किती वेळा उतरवून घेतलं तो आकडाही दाखवला. आकडा दिसू लागताच पुढची गाणी फारच पुढं गेली, मागची आणखी मागं पडली, आणि प्रत्येक गटात पुढं जाणारी गाणी वेगवेगळी निघाली. एकच गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्यात चाळिसावं. उत्तम गाणी सहसा अगदी तळाला गेली नाहीत, टाकाऊ गाणी सहसा शिखरावर पोचली नाहीत. मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं.

म्हणजे लोकप्रियता थापही नाही आणि पुरावाही नाही. सुरुवातीला कुणी मान डोलावली, यावर बरंच ठरतं. आमच्या खोलीत सहा माना आधीच डोलत होत्या.

ही यादी पुढच्या पिढीकडे कशी जाते ते बघायला, या लेखासाठी कोथरूडमधल्या एका गिटारशिक्षकांकडे दोन संध्याकाळी जाऊन बसलो. दहा बाय बाराची खोली, भिंतीला टांगलेल्या सहा गिटारी, दाराशी चपलांचा खच. आठवीतला एक मुलगा ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' शिकत होता. बी मायनरवरून दुसऱ्याच कॉर्डला, एफ शार्पला, त्याचं घोडं अडत होतं. तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबायची, म्हणजे बार धरायचा, आणि बाकीची बोटं पुढं मांडायची. तार बद्द वाजायची. तो बोट झटकायचा, लाल झालेलं टोक ओठांत धरायचा आणि पुन्हा दाबायचा. सर शांतपणे म्हणत होते, "कोपर आत घे. अंगठा मागं. हं, आता." अकराव्या खेपेला तार खणखणीत वाजली आणि पोरगा दारात बसलेल्या आईकडे बघून हसला.

मी सरांना विचारलं, "सर, तुम्हाला स्वतःला हे गाणं आवडतं?" त्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "बावीस वर्षं शिकवतोय. आठ कॉर्डांचं आवर्तन आहे, हात तयार होतो, पालक ओळखतात. आवडतं का, हा विचार करायला सवड मिळाली नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "घरी मी मन्ना डे ऐकतो."

* * *

या पावसाळ्यात मी ठरवलं, की एकदा सोक्षमोक्ष लावायचा. महिनाभर रोज रात्री एक अल्बम, चांगल्या हेडफोनवर, दिवा चालू ठेवून, जेवण झाल्यावर. टी-शर्ट नाही, साक्षीदार नाहीत. शेजारी वही.

ईगल्स तीन रात्रींत संपले. गळे सुरेल, वादन चोख, कुठं टाचणीएवढीही फट नाही. मला फट लागते. क्वीनच्या बाबतीत फ्रेडीच्या आवाजाला सलाम, पण दर गाण्यात पडदा उघडतो आणि रोषणाई होते, याचा शीण आला. प्लांटच्या किंचाळण्याला मी आजही दचकतो. फ्लॉइडचा 'डार्क साइड' चार वेळा ऐकला. ध्वनीची रचना, टेपचे तुकडे कापून जोडलेली ती नाणी, सगळं आता मला कळतं. त्या मित्राचं भाकीत खरं ठरलं, कळलं. पण रंगलं नाही.

दोन ठिकाणी मात्र वहीत रेघ ओढली गेली.

पहिली, 'डार्क साइड'च्या पहिल्या बाजूच्या शेवटी. तिथं एक बाई शब्दांवाचून गाते. क्लेअर टॉरी. जानेवारी १९७३मध्ये एका रविवारी तिला स्टुडिओत बोलावलं. शब्द नाहीत, काय हवंय ते कुणाला धड सांगता येत नाही. तिनं आपला गळा वाद्य समजून सोडून दिला, तीस पौंड घेतले आणि घरी गेली. पुढं तिनं दावा लावला, २००५मध्ये तडजोड झाली, आणि त्या रचनेच्या श्रेयात तिचं नाव आलं. ती वर चढत जाते, मग दमते, मग जवळजवळ कुजबुजत खाली उतरते. ते मी त्या रात्री सहा वेळा ऐकलं. १९९४ सालीही ते ऐकलं असणारच, पण तेव्हा मी चेहरा सांभाळत होतो.

दुसरी रेघ झेपलिनच्या १९७१च्या चौथ्या अल्बममधल्या शेवटच्या गाण्यावर, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. सुरुवातीलाच ड्रम येतो, आणि तो पखवाजवाल्याच्या पोराला हलवल्यावाचून सोडत नाही. हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या, एकेकाळी गरीबखाना असलेल्या जुन्या इमारतीत जॉन बॉनमचे ड्रम जिन्याच्या तळाशी प्रवेशदालनात मांडले होते आणि दोन मायक्रोफोन वरच्या मजल्यावरून लोंबत सोडले होते. मायक्रोफोन ड्रमजवळ नाहीतच. त्यामुळे ऐकू येतो तो ड्रम आणि त्याच्यासकट ती आख्खी इमारत. आमच्या गावच्या देवळात सभामंडपाबाहेर पायरीवर बसलं की आतला पखवाज असाच ऐकू यायचा, दगडासकट.

मग श्रेयनामावली पाहिली. बँडच्या चौघांबरोबर तिथं पाचवं नाव आहे, मेम्फिस मिनी. मूळ गाणं तिचं आणि तिचा नवरा कॅन्सस जो मॅकॉय याचं, १९२९ सालचं. दोनच वर्षांपूर्वी, १९२७मध्ये मिसिसिपी नदीचे बांध फुटले होते, लाखो माणसं बेघर झाली होती, त्यात काळे शेतमजूर फार मोठ्या संख्येनं होते. दोन गिटारी आणि जोचा आवाज. तीन मिनिटांच्या आसपास सगळं आटोपतं. झेपलिनच्या गाण्यात पूर कोसळतो. यांच्या गाण्यात पूर येऊन गेलाय आणि आता काय करायचं, असा साधा हिशेब आहे. मिनीची गिटार खाली वाहत राहते, थांबत नाही, तक्रार करत नाही.

त्या रात्रीनंतर झेपलिन बाजूला राहिले. मी मिनी ऐकत सुटलो. लिझी डग्लस तिचं खरं नाव. शिकागोच्या बारांत ती पुरुषांच्या बरोबरीनं गिटार वाजवायची. १९४२च्या अखेरीस कवी लँग्स्टन ह्यूजनं तिला विजेच्या गिटारवर ऐकलं आणि वृत्तपत्रात त्यावर लिहिलं. शेवटची वर्षं आजारपणात आणि गरिबीत गेली. ती वारली १९७३च्या ऑगस्टमध्ये, 'डार्क साइड' बाजारात आल्यानंतर पाच महिन्यांनी. तिच्या कबरीवर नीटसा दगड बसला तो १९९६ साली, गायिका बॉनी रेट हिच्या पैशानं.

ज्या बँडवर माझं प्रेम बसलं नाही, त्यानंच मला तिच्या दारापर्यंत आणून सोडलं. याबद्दल मी झेपलिनचा ऋणी आहे. पण ऋण वेगळं आणि आवड वेगळी. ही गफलत मी वीस-पंचवीस वर्षं केली.

गेल्या महिन्यात त्या समजूतदार मित्राला फोन केला. तो आता टोरांटोला असतो. सगळं सांगितलं, कॅसेट, टी-शर्ट, पाठ केलेली वाक्यं. "म्हणजे तुला फ्लॉइड कधीच आवडला नाही?" "नाही रे." पलीकडे जरा शांतता. मग तो म्हणाला, "खरं सांगू? मलाही त्या रात्री प्रचंड भूक लागली होती. मेस नऊला बंद झाली होती."

यंदा दिवाळीत कुणी तुमच्यापुढं आपलं लाडकं गाणं लावेल आणि डोळे मिटून तुमच्या निकालाची वाट बघेल. आधी पूर्ण ऐका, दहा सेकंदांवर निकाल देऊ नका. श्रेयनामावली वाचा, तिथं एखादी मिनी असते. आणि तरीही रंगलं नाही, तर तसं सांगून टाका आणि फराळाचं ताट पुढं ओढा.

मेम्फिस मिनीचं ते गाणं तीन मिनिटांचं आहे, झेपलिनचं सात. मला तीन मिनिटं पुरतात.